एकाच पत्र्याची आठ फुले

मराठी शिकवण्याचा धंदा करणाऱ्याला एक खोड जडते. समोरचा माणूस काय म्हणतो आहे हे ऐकण्याआधी तो कोणत्या शब्दांत म्हणतो आहे इकडे कान जातो. वीसएक वर्षे महाविद्यालयात हेच केल्यामुळे मलाही ती खोड आहे. घरात भांडण जुंपले तरी मला आधी त्यातले वाक्प्रचार ऐकू येतात, आणि भांडण कशावरून आहे ते मागाहून कळते. घरच्यांच्या मते ते कधीच कळत नाही. असो.

‘सारखा’ हा शब्द मी असाच कित्येक दिवस मनात घोळवीत होते. ‘दोघींना सारख्या साड्या घेतल्या’ म्हटले की तो समानता सांगतो, आणि ‘हा सारखा खोकतो’ म्हटले की सातत्य. एकासारखे दुसरे असणे वेगळे आणि न थांबता होत राहणे वेगळे. पण मराठी माणसाने दोन्हींना एकच शब्द देऊन टाकला आहे, आणि वापरताना त्याचा कधी घोटाळाही होत नाही. व्युत्पत्तीचा शास्त्रार्थ मी इथे मांडीत बसत नाही. हे दोन अर्थ एका घरात इतक्या गुण्यागोविंदाने कसे नांदतात, ते मला कोशात सापडले नव्हते. गेल्या दिवाळीच्या आधी इंदुरीच्या एका सोनाराच्या दुकानात बसून चांदीच्या पत्र्याला आकार येताना पाहिला, तेव्हा ते थोडेसे उमगले.

इंदुरी हे माझे आजोळ. तळेगाव दाभाड्याहून चाकणच्या रस्त्याला लागले की इंद्रायणीच्या काठी हे गाव येते. सेनापती दाभाड्यांच्या गढीचा दरवाजा आणि बुरूज अजून उभे आहेत. आत कडजाई देवीचे देऊळ आहे. आजोळच्या गावातले सगळे पुरुष नात्याने मामाच लागतात. तेव्हा तिथले म्हातारे सोनार हे माझे सोनारमामा. त्यांचे दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक खोली. त्यात ऐरण, फुंकणी, बागेसरी, चिमटे, कानशी आणि भिंतीवर लटकवलेल्या पाचपन्नास हातोड्या. दुकानात नवे असे दोनच पदार्थ: एक विजेवर चालणारा बारीक काटा आणि दुसरा त्यांच्या पुतण्याने ट्रकच्या जॅकला लोखंडी चौकट जोडून तयार केलेला दाबयंत्राचा संच. त्या दोघांविषयी पुढे.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या आईने एकाएकी जाहीर केले, “माझ्यामागे वाटण्या नकोत. मी आहे तोवर काय ते होऊन जाऊ दे.” तिला अठ्ठ्याहत्तरावे लागले होते. सोने आमच्या लग्नांतच गेले होते; उरले होते ते रुपे. तिचे तोडे, कमरेची साखळी, आम्हा भावंडांचे वाळे आणि पोचे आलेला एक करंडा. या सगळ्याची तिला आठ पदके करून हवी होती. आम्ही दोघी लेकी, दोन सुना आणि चार नाती. हल्लीच्या मुलींना गळ्यात सोन्यापेक्षा रुपे अधिक आवडते, हे तिने आपल्या नातींकडे पाहून अचूक हेरले होते. नक्षीही तिनेच ठरवली: आठ पाकळ्यांचे, मधून फुगीर असे एक फूल.

“आठही सारखी झाली पाहिजेत,” ती म्हणाली. हे ‘सारखी’ तिने ज्या आवाजात म्हटले त्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास होता, आणि तो आमच्या घरात सर्वांना ठाऊक होता.

आईची धाकटी बहीण म्हणजे माझी मावशी. दोघींची लग्ने दोन वर्षांच्या अंतराने झाली. आजोबांनी दोघींना तोडे केले, एकाच दुकानात, एकाच नक्षीचे. पुढे कित्येक वर्षांनी मावशीला अडीअडचणीत आपले तोडे गहाण टाकण्याची वेळ आली, तेव्हा काट्यावर कळले की तिचे तोडे आईच्या तोड्यांहून अर्धा तोळा हलके आहेत. मधल्या दोन वर्षांत चांदीचा भाव वाढला होता, की आजोबांची कमाई घटली होती, हे सांगायला आजोबा उरले नव्हते. मावशी बोलली काहीच नाही. ती प्रत्येक कार्याला आली, जेवली, हसली. पण तेव्हापासून आईने दिलेली कोणतीही वस्तू, मग ती ओटीचा नारळ का असेना, ती तळहातावर क्षणभर तोलून मगच पिशवीत टाकी. शेवटपर्यंत तिची ही सवय गेली नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली.

आईची मागणी ऐकून सोनारमामा हसले. “आक्का, सारखी म्हणजे कशी? डोळ्याला सारखी, का काट्याला सारखी?”

“दोन्हींना.”

“मग ते हातोडी उचलायच्या आधीच जुळवायला हवं. घाव पडायला लागले की मग काय जुळणार?”

वाचकांनी करंज्या केल्या असतील, निदान होताना पाहिल्या असतील. करंज्या सारख्या होतात त्या काही कातण्यामुळे नव्हे. आधी पिठाच्या लाट्या सारख्या करून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवाव्या लागतात. लाटी लहानमोठी झाली की पुढे तुम्ही कितीही कौशल्याने कातणे फिरवा, एक करंजी पोट फुगवून बसणार आणि दुसरी उपाशी दिसणार. चांदीचेही तसेच आहे, फक्त तिची कणीक भिजवणे बरेच कष्टाचे.

जुने दागिने वितळवले की एकजीव चांदी मिळते, अशी माझी समजूत होती. मामांनी सांगितले की जुन्या दागिन्यात चांदी असतेच, पण प्रत्येक सांध्याला डाक दिलेली असते. त्यात तांबे असते, जस्त असते. तोड्यांची चांदी एका कसाची, करंड्याची दुसऱ्या. म्हणून ते सारे आधी पुण्याला शुद्ध करायला पाठवले. जुन्या हिशेबाने दहा तोळे, म्हणजे ११६.६ ग्रॅम माल गेला आणि त्यातून १०२ ग्रॅम शुद्ध चांदी परत आली. ती नुसती वापरावी तर फार मऊ. बोटाने दाबली तरी पाकळी वाकेल. म्हणून तिच्यात सव्वाआठ ग्रॅम तांबे घातले. हजारात ९२५ भाग चांदी आणि ७५ भाग तांबे, हे प्रमाण जगभर रूढ आहे. ९२५ चा शिक्का त्याचाच. आईने तांबे मुशीत पडताना पाहिले आणि विचारले, “हे वजनात धरणार का?” मामा म्हणाले, “धरणार आणि वहीत लिहिणारही.” लिहिलेही.

शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते. तांबे घातले की त्याहून थोडी आधीच. मुशीत सवागी टाकून ती लोखंडी साच्यात ओतली. थंड झालेली कांब रुळांच्या यंत्रातून काढायला सुरुवात झाली, आणि इथे मला ‘सारखा’चा दुसरा अर्थ प्रथम दिसला. एकदम दाबून पत्रा होत नाही. रूळ केसभर आवळायचे, कांब एकदा काढायची. पुन्हा केसभर आवळायचे, पुन्हा काढायची. असे काही वेळा झाले की चांदी ताठर होते, आणि तशीच रेटली तर कडेला चिरते. मग तिला ताव द्यायचा, म्हणजे अंधुक लाल होईपर्यंत तापवायचे, की ती पुन्हा नरम येते. हा लाल रंग उन्हात दिसत नाही, म्हणून मामा दुकानाचे दार अर्धे लोटून घेत. पुतण्याची रीत निराळी. तो पत्र्यावर काळ्या मार्करची एक रेघ ओढी. ती रेघ उडून गेली की ताव पुरे झाला असे समजायचे. मामा त्याला हसत, पण मी नीट पाहिले: पुतण्याची रेघ उडण्याची वाट मामाही चोरून बघत.

पत्रा तयार झाला तो साधारण सव्वाआठ अंगुळे लांब. इंचांच्या अंगुळांनी मोजायचे तर. जाडी ०.६ मिलिमीटर. ही जाडी फार जपावी लागते. चाळीस मिलिमीटर व्यासाची गोल चकती ०.६ मिलिमीटर पत्र्यातून कापली तर तिचे वजन ७.८ ग्रॅम भरते. पत्रा ०.०३ मिलिमीटरने पातळ असला, म्हणजे बोटाला मुळीच कळणार नाही इतका, तर वजन ७.४ वर येते. डोळ्याला दोन्ही चकत्या जुळ्या बहिणी वाटतील. काट्याला मात्र त्या सावत्र दिसतील. मावशीच्या तोड्यांत अर्धा तोळा कुठे आणि कसा गेला असेल, ते मला त्या दिवशी कळले. फसवायला हात चलाख लागतो असे नाही. पत्रा केसभर जास्त दाबला गेला तरी पुरते.

चकत्या कापून झाल्या. दोन रांगांत चार चार. उरलेल्या पत्र्याला आठ गोल भोके पडून त्याची जाळी झाली. चौकोनातून वर्तुळे कापायची तर शंभरातले एकवीस-बावीस भाग वाया जाणारच, हे शाळेतले भूमिती शिकलेला माणूस सांगू शकेल. पण ते वाया गेलेले भाग काट्यावर ठेवून गिऱ्हाइकाच्या नावावर लिहिणारा सोनार मी तेव्हा पाहिला. प्रत्येक चकतीच्या मागे मामांनी बारीक टिंबे कोरली: पहिलीला एक, दुसरीला दोन, अशी आठपर्यंत.

चकतीला फुगवटा द्यायचा म्हणजे तिची उथळ वाटी करायची. त्यासाठी पितळेचा एक चौकोनी ठोकळा असतो. त्याच्या अंगाअंगावर लहानमोठे गोल खळगे. चकती आधी मोठ्या उथळ खळग्यात ठेवायची, वर गोल डोक्याचा दांडा धरून फिरते घाव घालायचे. मग त्याहून लहान खळगा, मग त्याहून लहान. एकदम खोल खळग्यात घातली तर कडेला चुण्या पडतात. तो ठोकळा पाहून मला कुंडमळा आठवला. इंदुरीजवळ इंद्रायणीने कातळात असेच रांजणखळगे कोरले आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षे गरगर फिरून खडक पोखरतात. १५ जून २०२५ रोजी तिथला जुना लोखंडी पूल कोसळून माणसे दगावली, तेव्हापासून त्या जागेचे नाव घेताना मन कचरते. पण लहानपणी आम्ही तिथे तासन्‌तास कुंडे मोजीत बसत असू, आणि एका कुंडासारखे दुसरे आम्हाला कधी सापडले नाही. नदीजवळ वेळ अमाप. पण पुढच्या कुंडाला मागच्यासारखे करायचे असे तिच्या मनात कधीच नव्हते.

मामांच्या मनात ते होते, आणि त्यांची युक्ती फार साधी होती. पहिली चकती पुरी करून मग दुसरीला हात घालायचा, असे त्यांनी केले नाही. आठही चकत्या पहिल्या खळग्यातून काढल्या. मग आठहींना ताव दिला. आठही सौम्य तेजाबात बुडवून, रिठ्याच्या पाण्याने धुऊन पुन्हा पाटावर ओळीने मांडल्या. मग आठही दुसऱ्या खळग्यात. एकीला जितके फेरे तितकेच सर्वांना, आणि फेरे ते तोंडाने मोजीत.

आई कोपऱ्यात बसून हे बघत होती. ती एकदम म्हणाली, “अहो दादा, ही तर पंगत झाली! मीठ सगळ्यांना, मग चटणी सगळ्यांना, मग कोशिंबीर. एकाचं पान भरून मग दुसऱ्याकडे वळायचं नाही.”

“तेच की आक्का,” मामा म्हणाले. “पहिल्या पानाला वाढताना हात मोकळा असतो, शेवटच्या पानाला आखडतो. माणूस तोच, पण सकाळचा हात वेगळा, दुपारचा वेगळा. मग प्रत्येकीला सकाळही मिळावी आणि दुपारही मिळावी.”

मी आजवर ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द वर्गात अनेकदा समजावून दिला आहे: एकाच पंगतीला बसलेल्यांत वाढताना दुजाभाव करणे. या दुजाभावाचा उगम वाढणाऱ्याच्या मनात असतो असे मी सांगत आले. मामांचे म्हणणे असे की पुष्कळदा तो मनात नसतोच. वाढण्याचा क्रम चुकलेला असतो, हात दमलेला असतो, भांडे तळाला गेलेले असते. पण पानावर बसलेल्याला ते कसे कळावे? त्याला फक्त आपल्या पानातली चमचाभर भाजी दिसते. आठ वस्तू सारख्या व्हायच्या तर एकच कृती सारखी करीत राहावी लागते, आणि तीही सर्वांवर बरोबरीने. शब्दाचे दोन अर्थ मला त्या पाटावर शेजारी शेजारी बसलेले दिसले.

वाट्या झाल्या, आता पाकळ्या. त्यासाठी ठसा हवा. मामांनी एक लाकडी पेटी उघडली. आत काशाचे जुने ठसे होते: खंडोबा, भवानी, पोथीएवढ्या कापडात गुंडाळलेले. ते देवांच्या टाकांचे. देव्हाऱ्यातले टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेल्या मूर्तीच. पत्रा ठशावर ठेवून वरून शिशाच्या गोळ्याने ठोकला की मूर्ती उठते. मामा म्हणाले, “भाऊ वेगळे झाले की नवे टाक करायला माणसं येतात. भांडून येतात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण दोन्ही घरचा खंडोबा एकच दिसायला हवा, यावर दोघांचंही एकमत असतं. म्हणून ठसा जपायचा.” टाक झिजले की नवे करतात, ठशाने देव पिढ्यान्‌पिढ्या तोच राहतो.

ठसा असूनही ठोकणाऱ्याचा हात मध्ये येतोच. शिवराईची नाणी ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे सांगायला नको. हाताने ठोकलेले नाणे. कुठे ठसा एका बाजूला सरकलेला, कुठे तांब्याची चकती लहान आणि अर्धे अक्षर बाहेर. पुढे इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या बळावर चालणारी टाकसाळ उभी केली. चकती कड्यात धरून दाबली की सगळी नाणी एका मापाची. १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी याच टाकसाळीतून पाडून आली. म्हणजे सोहोच्या त्या तंतोतंत चकत्या आणि आपली वेडीवाकडी शिवराई, दोन्ही आपल्या मुलखाने हाताळल्या आहेत.

मामांच्या पुतण्याचा जॅक म्हणजे त्या सोहोचे घरगुती पिल्लूच. त्याने फुलाचा ठसा पोलादात कोरून आणला होता. खाली ठसा, त्यावर चांदीची वाटी, वर जाड रबराची गादी, आणि जॅकचे मोजून तितकेच हेलकावे. रबर सगळीकडून सारखे दाबते, चांदीवर ओरखडाही येत नाही. शिवाय शिसे लागत नाही. शिशाचा कण चांदीला चिकटून राहिला आणि तिला ताव दिला तर तिथे चक्क भोक पडते, म्हणून जुने सोनार शिशावर ठोकलेली वस्तू पुसपुसून घेत. हा धोका जॅकने संपवला. मी मामांना विचारले, “मग तुमच्या हातोडीचं काय?” ते म्हणाले, “हात दमतो, जॅक दमत नाही. पण काही बिघडलं तर ते हाताला कळतं, जॅकला कळत नाही.”

आणि तसेच झाले. सहावे फूल जॅकमधून निघाले, ते वरून इतरांसारखेच दिसत होते. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि ते बाजूला ठेवले. पाकळीच्या मुळाशी मोहरीएवढा फोड होता. ओतताना कांबेत अडकलेला हवेचा बुडबुडा रुळांखाली चपटा होऊन पत्र्यात लपून राहिला होता. तावात तो फुगून वर आला. घासला तर फुटणार, बुजवला तर डाग दिसणार. ते फूल बाद.

पत्र्याच्या टोकाला एक चकती निघण्याइतकी जागा मामांनी राखून ठेवली होती. पण टोकाकडे पत्रा केसभर पातळ होता. तिथली चकती भरली ७.४. तीही पंगतीत मागून बसलेल्या पाहुण्यासारखी सगळ्या पदार्थांतून गेली. कडा घासून, वर कडी जोडून, उजळून आठही फुले पाटावर मांडली तेव्हा मी शपथेवर सांगते, मला एकही वेगळे ओळखता आले नाही. काट्यावर मात्र सात फुले ७.६ च्या आगेमागे भरली आणि ते एक ७.२.

मामांनी तीन मार्ग पुढे ठेवले. एक, बाकीची सात आतून घासून ७.२ वर आणायची. पण मग त्यांच्या कडा पातळ होऊन रूप बिघडणार. दोन, जाळी आणि बाद फूल वितळवून नवा पत्रा करायचा. आठवडा लागेल, दिवाळी हुकेल. तिसरा मार्ग त्यांनी हळू आवाजात सांगितला: “आक्का, चाळीस शतांश ग्रॅम. कुणाला कळणार आहे?”

आई बराच वेळ गप्प होती. मला वाटले, ती दुसरा मार्ग घेणार; मीच तो सुचवणार होते. ती म्हणाली, “दादा, माझ्या बहिणीला अर्ध्या तोळ्याचं दुःख नव्हतं हो. आमचे वडील तिला म्हणाले असते की पोरी, यंदा एवढंच जमलं, तर ती हसत तोडे घालून गेली असती. तिला परक्या माणसाच्या काट्यावर कळलं, ते तिला लागलं. ही वजनं मला एका कागदावर लिहून द्या. आठही.”

भाऊबीजेला सगळी जमली. आईने फुले ताटात मांडली आणि चष्मा लावून कागद वाचला: कोणते फूल किती, आणि एक का कमी. सर्वांत धाकट्या नातीने आधी निवडायचे, असा क्रम तिने लावला. आपल्या हाताने तिने कोणालाच काही दिले नाही. माझ्या भाचीला हे सगळे फारच शास्त्रीय वाटले. तिने स्वयंपाकघरातला काटा आणला. तो बिचारा पुऱ्या ग्रॅमच्या खाली जाणत नाही. त्याने सात फुलांना आठ ग्रॅम म्हटले आणि एकाला सात! चार दशांशाचा फरक त्याने एका फटक्यात अख्ख्या ग्रॅमवर नेऊन ठेवला. सगळी हसली. मी हसले, पण मला वाटून गेले की बहुतेक घरांत वाटण्या याच काट्यावर मोजल्या जातात. फरक असतो मुगाएवढा. मोजायचे साधन ठोकळ, म्हणून तो लिंबाएवढा होतो. ते हलके फूल माझ्या धाकट्या भावजयीकडे गेले. तिने कागदावर वजन वाचले आणि विचारले, “यालाच तो फोडाचा इतिहास ना? मग मला हेच.” ती हे मनापासून म्हणाली की सर्वांना बरे वाटावे म्हणून, हे मी सांगू शकत नाही. पण ती ते रोज घालते.

उरलेली जाळी आणि बाद झालेले सहावे फूल यांचे आईने काय केले, हे आम्हाला मागाहून कळले. तिने मामांना नववे फूल करायला सांगितले होते, त्याच ठशावर, पण पत्रा किंचित जाड ठेवून. बाकीची चांदी घडणावळीत वळती केली. नववे फूल मावशीच्या मुलीसाठी. तुळशीच्या लग्नाला माझी मावसबहीण आमच्याकडे आली, तेव्हा आईने ते तिच्या हातावर ठेवले. बहिणीने ते तळहातावर घेतले आणि नकळत, अगदी तिच्या आईसारखे, क्षणभर तोलले. मग तिच्या लक्षात आले आणि ती ओशाळली.

“मावशी, मी तोलत नव्हते गं. नक्षी बघत होते.”

“सव्वाआठ ग्रॅम आहे,” आई म्हणाली. “तोल की. तोलूनच घे.”